गरम झाली की गाडी बंद, थंड झाली की चालू? मेकॅनिककडे जायच्या आधी चेसिस नंबर टाकून बघा

ज्यांच्याकडे २०१८-१९ च्या आसपासची पेट्रोल गाडी आहे आणि ती चालता चालता बंद पडून राहिली आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. लांब आहे, पण मी यात वर्षभर आणि एकोणीस हजार रुपये घातले, तुमचे वाचले तर बरं. माझ्या गाडीचं नाव, शोरूम, वर्कशॉप काहीच सांगणार नाही, उगाच वाद नको, आणि तसंही हा प्रकार, म्हणजे इंधन पंपात दोष निघून कंपनीनं गाड्या फुकट दुरुस्तीला परत बोलावणं (रिकॉल), एकाच कंपनीच्या गाड्यांत झालेला नाही.

गाडी २०१९ ची, पेट्रोल, मी २०२२ मध्ये सेकंडहँड घेतली. मी राहतो नागपुरात अजनीकडे आणि कामाला बुटीबोरी एमआयडीसीत, म्हणजे रोजचा वर्धा रोड. दीड वर्ष काही त्रास नाही. २०२४ च्या एप्रिलात एका दुपारी साडेतीनच्या सुमारास परत येताना डबल डेकर फ्लायओव्हरवर, वर मेट्रो खाली आपण, बरोबर मधोमध गाडीनं एक झटका दिला, ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढेना आणि मग इंजिन गपगार. ज्यांनी तो पूल पाहिलाय त्यांना माहीत आहे, तीन किलोमीटरच्या वर लांब आहे आणि बाजूला घ्यायला जागाच नाही. मागून बस. एसी बंद, स्टिअरिंग जड, हॅझर्ड लावून बसलो घाम पुसत. वीस-पंचवीस मिनिटांनी सहज सेल मारला तर गाडी अशी चालू झाली जसं काही झालंच नव्हतं.

इथेच पहिली चूक झाली, चालू झाली ना मग जाऊ दे म्हणून मी आठ दिवस काहीच केलं नाही. नंतर ती परत बंद पडली, मग परत, आणि दर वेळी मेकॅनिकपाशी नेली की एकदम शहाणी, तासभर चालवली तरी बंद पडत नाही. दुखणं डॉक्टरसमोर गायब होतं तसं.

मग सुरू झाली आपली नेहमीची जत्रा. पहिल्यानं प्लग आणि एअर फिल्टर बदलले, २१०० रुपये. दुसऱ्यानं थ्रॉटल बॉडी साफ केली, इंजेक्टर धुतले, ३४०० रुपये, आणि वर ज्ञान दिलं की साहेब आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं त्यामुळे असं होतं. तिसरा म्हणाला बॅटरी गेली, ४६०० रुपये. (बॅटरी खरंच जुनी होती, ते पैसे अगदीच वाया गेले असं नाही, पण बंद पडायचं कारण ती नव्हती.) चौथ्यानं क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा) बदलला, २३०० रुपये. मधे एकदा खापरी पुलाच्या अलीकडे गाडी चालूच होईना म्हणून टोइंगला २२०० गेले. प्रत्येक दुरुस्तीनंतर दहा-बारा दिवस बरे जायचे आणि वाटायचं की चला, सापडलं एकदाचं.

सापडायला कामी आली एक साधी वही. बायकोनं चिडून सांगितलं की रोज नुसतं रडण्यापेक्षा लिहून ठेवत जा. तर मी लिहायला लागलो, किती वाजता बंद पडली, किती किलोमीटर झाले होते, एसी चालू होता का, टाकीत पेट्रोल किती, किती वेळानं परत चालू झाली. पंधरा-सोळा नोंदी झाल्यावर दिसलं की सकाळी जाताना एकदाही नाही, सगळ्या वेळा परतीच्या, दुपारी तीन ते पाचच्या. आणि सोळापैकी बारा वेळा टाकी पाव किंवा त्याच्या खाली. नागपूरचा मे महिना, बाहेर पंचेचाळीस, गाडी दिवसभर कंपनीच्या उघड्या पार्किंगमध्ये तापलेली. टाकी फुल असेल तर दुपारीसुद्धा निभावून न्यायची.

टाकीचा काय संबंध? तर आजकालच्या पेट्रोल गाड्यांत फ्युएल पंप टाकीच्या आतच बसवलेला असतो, मागच्या सीटखाली. पंपाची मोटर थंड ठेवायचं काम आजूबाजूचं पेट्रोलच करतं. टाकी रिकामी ठेवून चालवलं की पंप तापतो. चांगला पंप हे सहन करतो, कुरकुरणारा करत नाही. माझ्या सवयीपण तशाच, दोनशे-तीनशेचं पेट्रोल टाकायचं आणि लाइट लागेपर्यंत चालवायचं.

आता असली गाडी असेल तर घरच्या घरी काय बघायचं ते सांगतो, मला हे सगळं नंतर कळलं.

बंद पडल्या पडल्या, थंड व्हायच्या आधी तपासायचं, नंतर काही उपयोग नाही. चावी फक्त ऑनवर न्यायची, सेल मारायचा नाही. बटनवाली गाडी असेल तर क्लच-ब्रेक न दाबता बटन दाबून इग्निशन ऑन करायचं. खिडक्या बंद, एसीचा पंखा बंद, गाणी बंद, आणि मागच्या सीटकडे कान. बऱ्याच गाड्यांत दोनेक सेकंद बारीक गुंईं असा आवाज येतो, पंप पाइपात प्रेशर भरतो त्याचा. आधी चांगल्या गाडीत हा आवाज ऐकून ठेवा म्हणजे फरक कळेल. आवाजच नाही, किंवा घरघर करत अडकल्यासारखा आहे, तर संशय पंपावर, त्याच्या फ्यूजवर, रिलेवर (पंपाला करंट देणारा स्विच) नाहीतर कनेक्टरवर. फ्यूज आणि रिले स्वस्तातलं काम आहे, ते आधी बघून घ्या, सरळ पंपावर उडी मारू नका.

मग सेल मारा आणि आरपीएमचा काटा बघा. सेल फिरत असताना काटा थोडा तरी हलत असेल तर क्रँक सेन्सर बहुतेक जिवंत आहे. काटा शून्यावर मेल्यासारखा पडलेला असेल तर मग क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. सगळ्याच गाड्यांत हे सारखं चालत नाही, पण ही एवढी तपासणी चौथ्या मेकॅनिकनं केली असती तर माझे २३०० वाचले असते, माझा काटा दर वेळी हलत होता.

जुने उस्ताद लोक अजून एक करतात, मागच्या सीटखाली नाहीतर टाकीच्या बुडाला मुठीनं दोन-चार ठोसे आणि लगेच सेल. अडकलेला पंप कधी कधी त्या धक्क्यानं फिरायला लागतो. हा इलाज नाही हं, पण ठोसा मारल्या मारल्या गाडी चालू झाली तर पंपावरचा संशय वाढला समजा.

स्कॅनरचं एक सांगून ठेवतो कारण यात सगळेच फसतात. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचायचं यंत्र) लावला, एरर काही आला नाही, म्हणून मेकॅनिक म्हणतो गाडी ओके आहे. बऱ्याच साध्या पेट्रोल गाड्यांत फ्युएल लाइनवर प्रेशर मोजणारा सेन्सरच नसतो, त्यामुळे प्रेशर पडलं तरी कॉम्प्युटरला ते थेट कळायला मार्ग नाही. ज्या गाडीत सेन्सर आहे तिथे पी ००८७ असा कोड येऊ शकतो, नाहीतर फार तर पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. माझ्यात एकदाच पी ०१७१ आला होता आणि तो बघून दुसऱ्या नंबरच्या भावानं इंजेक्टर धुतले. खरं उत्तर देतो तो प्रेशर गेज. लाइनला गेज लावायचा आणि गाडी गरम करून, बंद पडेपर्यंत चालवून बघायचं. साध्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत साधारण तीन ते चार बार प्रेशर असतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. गेज लावायचं काम घरी करू नका, लाइनमध्ये प्रेशर असतं, पेट्रोल उडतं, आणि आपल्याकडच्या उन्हात गरम इंजिनावर उडालेलं पेट्रोल म्हणजे काय ते सांगायला नको.

तर जुलै २०२४ मध्ये मेडिकल चौकाकडच्या एका उस्तादनं (मुरलेला माणूस, गेज त्याच्याकडेच होता) गाडी उभी करून तासभर चालू ठेवली, आणि बघता बघता काटा खाली खाली आला आणि इंजिन बंद. "पंप गया है साब," एवढंच बोलला. मी म्हटलं नवीन किती? कंपनीचा नवीन पूर्ण असेंब्ली महाग, तर तो म्हणाला की त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या ठोकलेल्या गाडीतला ओरिजिनल पंप आहे, लेबर धरून साडेचार हजारात बसवून देतो. ओरिजिनल म्हटल्यावर मी खुश. बसवला. पावसाळा, हिवाळा एकदम मस्त गेला. मी लोकांना त्या उस्तादचा नंबर वाटत होतो.

२०२५ च्या मार्चच्या शेवटी ऊन तापायला लागलं आणि गाडी छत्रपती चौकात परत बंद. तीच दुपार, तोच झटका, वीस मिनिटांनी परत चालू. काय सांगू बाप्पा, रडायचंच बाकी होतं.

त्या रात्री कंपनीतल्या एका सिनियरनं फोनवर विचारलं, "तू रिकॉल चेक केला का रे?" मी म्हटलं रिकॉल म्हणजे ते अमेरिकेत असतं ना. तो हसला. मी कंपनीच्या साइटवर गेलो, चेसिस नंबर टाकला, आणि स्क्रीनवर आलं की तुमची गाडी फ्युएल पंप बदलण्याच्या मोहिमेत आहे, जवळच्या वर्कशॉपला संपर्क करा, फुकट. एकोणीस हजार शंभर रुपये घालवून झाल्यावर कळलं की पहिल्या दिवसापासून हे काम फुकट होतं.

मग मी वाचत बसलो. इंधन पंपाच्या आत एक छोटं प्लॅस्टिकचं पातं असतं, इम्पेलर म्हणतात, चकतीसारखं, कडेला बारीक खाचा. ते भयंकर वेगात फिरतं आणि पेट्रोल पुढे ढकलतं. त्याच्यात आणि बाजूच्या कवचात केसाएवढी फट. डेन्सो ही जपानी कंपनी पंप बनवते आणि कितीतरी गाडी कंपन्यांना देते. त्यांच्या काही लॉटमध्ये हे पातं कमी घनतेच्या प्लॅस्टिकचं निघालं, ते पेट्रोल शोषून फुगायचं, आकार बिघडायचा आणि मग बाजूला घासून अडकायचं. पंप अडकला की इंजिनला पेट्रोल नाही. २०२० मध्ये टोयोटानं यासाठी जगभरातून ५८ लाखांच्या आसपास गाड्या बोलावल्या.

आपल्याकडे पण झालंय, गुपचूप नाही, पेपरात आलं होतं, आपण वाचत नाही एवढंच. जून २०२० मध्ये होंडानं २०१८ साली बनलेल्या ६५,६५१ गाड्या इंधन पंपाच्या इम्पेलरसाठी बोलावल्या. एप्रिल २०२१ मध्ये अजून ७७,९५४. मारुतीनं जुलै २०२० मध्ये वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्यांचा पंप तपासायला घेतला. मार्च २०२४ मध्ये परत मारुतीच्या ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगनआर, ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ मध्ये बनलेल्या, तिथे दोष पंपाच्या मोटरच्या पार्टमध्ये होता. सगळ्यांचा दोष तंतोतंत एकच होता असं नाही, पण गाडीवाल्याला दिसणारं लक्षण एकच, चालता चालता बंद.

आणि हे वाचून मी उडालो, ऑक्टोबर २०२४ च्या होंडाच्या रिकॉलमध्ये ९०,४६८ गाड्यांसोबत अजून २,२०४ गाड्या होत्या, ज्यांच्यात हा पार्ट आधी स्पेअर म्हणून बदलला होता. म्हणजे मूळ पंप बरा असू शकतो, पण नंतर दुकानातून आणून बसवलेला त्या दोषी लॉटमधला.

माझंही तसंच झालं होतं ना! उस्तादनं बसवलेला पंप "त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या" गाडीतला. आपण ज्याला चांगली गोष्ट समजून राहिलो तीच नेमकी वाईट. ज्या वर्षाच्या पंपांत दोष त्याच वर्षाचा पंप शोधून आणून बसवला आणि त्याचे साडेचार हजार दिले. पावसाळ्या-हिवाळ्यात त्यानं साथ दिली आणि ऊन आलं तशी मान टाकली. उन्हाचा भाग माझा आणि उस्तादचा अंदाज आहे, पण वही तेच सांगते. त्यामुळे भंगारातला पंप घ्यायचाच असेल (माझं मत, घेऊच नका) तर तो कोणत्या गाडीतून काढलाय तिचा चेसिस नंबर मागा आणि तो पण टाकून बघा. दुकानदार तोंडाकडे बघेल, बघू दे.

चेसिस नंबरचं सांगतो. १७ अक्षरं-अंक असतात. आरसीवर असतो, इन्शुरन्सच्या कागदावर असतो, आणि गाडीवर कोरलेला असतो, कुठे ते मॉडेलप्रमाणे, कोणाच्या बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर तर कोणाच्या पुढच्या सीटखाली गालिचा उचलला की दिसतो. मोबाइलमधल्या आरसीच्या ॲपवर कधी कधी मधले किंवा शेवटचे अंक फुल्यांनी झाकलेले येतात, मग कागदी आरसी काढा. यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, म्हणून गोल दिसला तर तो शून्य आणि उभी रेघ दिसली तर तो एक. मी पहिल्यांदा शून्याच्या जागी ओ टाकला आणि साइट म्हणाली गाडी सापडत नाही, तिथेच सोडलं असतं तर झालंच होतं कल्याण. बहुतेक कंपन्यांच्या साइटवर रिकॉल तपासायचं पान असतं. नेटचा कंटाळा असेल तर टोल फ्री नंबरला फोन लावून चेसिस नंबर वाचून दाखवा, नाहीतर वर्कशॉपला जाऊन ॲडव्हायझरला सांगा की "ओपन कॅम्पेन" आहे का ते सिस्टिममध्ये बघ. रिकॉल हा शब्द तिथे कमी चालतो, कॅम्पेन म्हटलं की लगेच कळतं.

मला आधी का नाही कळलं? कारण मी दुसरा मालक. कंपनीकडे पहिल्या मालकाचा नंबर आणि पत्ता. मी त्यांना अमरावतीला फोन केला, भले गृहस्थ, म्हणाले, "हो भाऊ, आला होता काहीतरी मेसेज पंपाचा, पण तेव्हा मी गाडी विकायला काढली होती, म्हटलं नवीन मालक बघेल." आता नवीन मालकाला कोण सांगणार? तर सेकंडहँड गाडी घेतली की आरसी नावावर झाल्यावर त्याच आठवड्यात कंपनीकडे आपला मोबाइल नंबर नोंदवा. आणि घ्यायच्या आधीच चेसिस नंबर टाकून बघितला तर अजून चांगलं, रिकॉल बाकी असेल तर विकणाऱ्याला म्हणा आधी करून आण. रिकॉल गाडीला चिकटलेला असतो, मालकाला नाही. तुमच्याकडे पहिलं बिल नसेल, सर्व्हिस बाहेर केली असेल, वॉरंटी संपली असेल, तरी ते काम फुकटच.

वर्कशॉपचा किस्सा. अपॉइंटमेंट घेऊन गेलो, गाडी वर घेतली, मागची सीट काढली आणि अर्ध्या तासात ॲडव्हायझर आला.

"सर, तुमच्या गाडीत ओरिजिनल पंप नाहीये. बाहेर बदललाय. कॅम्पेनमध्ये नाही बसणार."

मी म्हटलं, "दादा, पंप तुमच्याच कंपनीचा आहे, स्टिकर बघ ना. फक्त दुसऱ्या गाडीतला आहे."

"हो सर, पण नंबर मॅच नाही होत."

"म्हणजे माझा दोषवाला पंप काढून दुसरा दोषवाला बसवला तर मी बाद?"

त्याला पण पटत होतं बिचाऱ्याला, पण सिस्टिम म्हणते नाही तर तो काय करेल. इथे मी आवाज चढवला नाही, आणि तुम्ही पण चढवू नका, काही होत नाही त्यानं. मी एवढंच म्हटलं की जॉब कार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर) लिहून दे, चेसिस कॅम्पेनमध्ये आहे, पंप या कारणानं बदलून दिला नाही, तारीख आणि सही. लिहून द्यायचं म्हटल्यावर मॅनेजर बाहेर आला. तरी त्या दिवशी काम झालं नाही. घरी येऊन कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाकला, चेसिस नंबर, साइटचा स्क्रीनशॉट, पंपाच्या स्टिकरचा फोटो, जॉब कार्डचा फोटो आणि माझ्या वहीची दोन पानं. आणि एक वाक्य, की भर रस्त्यात बंद पडणारी गाडी आहे, हे लेखी कळवलेलं आहे. सहा दिवसांनी त्याच वर्कशॉपचा फोन, सर पार्ट आलाय, घेऊन या.

काम सव्वा तासाचं. जाताना टाकी फुल करून जाऊ नका, अर्धीच्या खाली असली की त्यांना सोपं जातं. बिल शून्याचं आलं, पण ते मागून घ्या, त्यावर कॅम्पेनचं नाव आणि नवीन पार्टचा नंबर हवा. जुना पंप त्यांनी ठेवून घेतला. आधीच्या खर्चाचं विचारलं तर बाहेरच्या बिलांचं काही नाही म्हणाले, आणि माझ्या निम्म्या उस्तादांनी बिलं दिली कुठे होती!

पंप बदलल्यावर एक लक्ष ठेवा. दोन-तीन दिवस मागच्या सीटपाशी पेट्रोलचा वास येतो का, विशेषतः टाकी फुल केल्यावर. पंपाच्या झाकणाखाली रबराची रिंग असते, ती नीट बसली नाही तर वास येतो. असा वास आला तर गाडी तशीच फिरवू नका, लगेच परत न्या. माझ्या गाडीला नाही आला, पण शेजारच्या काकांच्या गाडीला आला होता.

चेसिस टाकलं आणि रिकॉल नाही आला, पण लक्षणं हीच आहेत, मग? मग वर सांगितलं तसं फ्यूज, रिले, कनेक्टर, गेज, या क्रमानं जा आणि नवीनच पंप बसवा. आणि तक्रार नोंदवा. आपल्याकडे २०१२ पासून कंपन्यांच्या संघटनेचा, सियामचा, स्वतःहून रिकॉल करायचा नियम होता, पण बंधन नव्हतं. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात ११० अ कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले, त्यात सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांच्या सुरक्षेच्या दोषासाठी पुरेशा तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं, एक कोटीपर्यंत दंडाची सोय आहे. म्हणजे तक्रारी मोजल्या जातात. आपण मेकॅनिकला शिव्या घालून घरी बसलो तर आकडा वाढत नाही. वर्कशॉप दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ पण आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे खरं तर वर लिहायला पाहिजे होतं. रिकॉलचं काम होईपर्यंत गाडी बंद पडली तर काय. पंप गेल्यावर इंजिन बंद पडतं, ब्रेक गेलेले नसतात. ब्रेकचा बूस्टर इंजिनच्या जोरावर चालतो आणि त्यात दोन-तीन वेळा दाबता येईल एवढा जोर शिल्लक असतो, म्हणून घाबरून ब्रेक पंप करत बसू नका, एकदा दाबायचा आणि दाबून ठेवायचा. तो जोर संपला तरी ब्रेक लागतो, फक्त पायाला खूप ताकद लावावी लागते. स्टिअरिंग जड होतं, फिरतं मात्र. चावी पूर्ण बंदवर फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. हॅझर्ड, न्यूट्रल, आणि जेवढा वेग शिल्लक आहे तेवढ्यात डावीकडे. थांबल्यावर माणसं गाडीत बसवून ठेवायची नाहीत, उन्हात त्रास होईल म्हणून आपण बायका-पोरांना आत बसवतो, तेच धोक्याचं आहे. रस्त्याच्या रेलिंगच्या पलीकडे, मोकळ्या जमिनीवर उभं करा. २०२३ मध्ये जपानमध्ये तोत्तोरीकडच्या एक्स्प्रेसवेवर पंपामुळे बंद पडलेल्या गाडीला मागून धडक बसून एक माणूस गेला. समृद्धीवर आपण १२० नं जातो, मागचा पण १२० नं येतो, विचार करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन लावा, समृद्धीवर हेल्पलाइनचा नंबर बोर्डांवर लिहिलेला असतो, निघतानाच फोटो काढून ठेवा. आणि पंप बदलेपर्यंत टाकी अर्धीच्या वर ठेवा, दुपारची लांबची ट्रिप टाळा. मी तर तो महिनाभर मेट्रोनं खापरीपर्यंत आणि पुढे कंपनीच्या बसनं गेलो.

एकदा चेसिस टाकून "काही नाही" आलं म्हणून कायमचं निश्चिंत होऊ नका. वर बघा, २०१९ च्या गाड्यांचा रिकॉल २०२४ मध्ये निघालाय. मी आता इन्शुरन्स रिन्यू करायच्या दिवशी चेसिस पण टाकतो, नंबर समोरच असतो.

पंप बदलून झाल्यावर मी मेडिकल चौकातल्या उस्तादकडे गेलो होतो, भांडायला नाही, सांगायला. त्याला काहीच माहीत नव्हतं. फळीवर तसलेच अजून दोन पंप होते, त्यानं ते खाली काढले, स्टिकर पुसून बघितले आणि मला म्हणाला, "साब, ये कौनसी गाडी के थे, अब याद नहीं." दोन्ही त्यानं भंगाराच्या पेटीत टाकले आणि माझ्याकडून साइट कशी उघडायची ते शिकून घेतलं. साडेचार हजारांपैकी काही परत देऊ का म्हणाला, मी चहावर मिटवलं.